फूटभर बर्फ आणि तीस फुटांचे ढीग

२८ जानेवारी १९७७ ते १ फेब्रुवारी १९७७. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेलं बफेलो शहर. या दिवसांत तिथे आभाळातून पडलेला नवा बर्फ होता साधारण १२ इंच, म्हणजे फूटभर. बफेलोकरांच्या लेखी हे काहीच नाही. तिथे एका हिवाळ्यात सरासरी ९५ इंच बर्फ पडतो, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. पण वादळ ओसरलं तेव्हा शहराच्या परिसरात ३० फुटांपर्यंत आणि काही जागी त्याहूनही उंच ढीग उभे होते. घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या झाकल्या गेल्या होत्या. प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडिअर कुंपणाला टेकलेल्या ढिगावरून चालत बाहेर पडली. एकूण २९ माणसं गेली. त्यातली काही बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मोटारींत सापडली.

पडला एक फूट, साचला तीस फूट. हा हिशेब जुळवायचा तर बर्फाचे आकडे जरा सावकाश पाहावे लागतात.

आधी तो एक फूट किती, ते पाहू. ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांश हवा. ढोबळ नियम असा की १० सेंटिमीटर बर्फ वितळला की १ सेंटिमीटर पाणी मिळतं. म्हणजे फूटभर बर्फाचं ३ सेंटिमीटर पाणी. आपल्याकडच्या मध्यम सरीएवढंच. पण बफेलो शहराची जमीन सुमारे १०५ चौरस किलोमीटर आहे. तेवढ्यावर हे ३ सेंटिमीटर पसरलं की वजन भरतं सुमारे ३१ लाख टन. १० टनी ट्रकांत भरायचं म्हटलं तर तीन लाखांहून जास्त खेपा. पाऊस हे वजन तासाभरात गटारातून वाहून नेतो. बर्फ जागचा हलत नाही, तो उचलावा लागतो.

आता मोजणी आणखी बारीक करू. एका हिमफुलाचं वजन एक मिलिग्रॅम धरलं, तर शहरावर पडलेल्या फूटभर बर्फात ३ वर १५ शून्यं एवढी फुलं होतात. आपल्या बोलण्यातले लाख-कोटी इथे अपुरे पडतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त १५ शून्यांच्या संख्येला 'अंत्य' म्हटलं आहे आणि यादी संपते ती १७ शून्यांच्या 'परार्धा'वर. शहरभरची फुलं तीन अंत्य. पण त्यातलं एकच फूल उचलून त्यातले पाण्याचे रेणू मोजायला बसलं, तर ते ३०० परार्धांच्या पुढे जातात. सगळ्या शहरावर मिळून जेवढी फुलं पडली, त्याच्या दहा हजार पट रेणू एकेका फुलात.

इतका बर्फ येतो कुठून? बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलं आहे. हे सरोवर ३८८ किलोमीटर लांब, ९२ किलोमीटर रुंद आणि सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचं. त्याच्या लांबीच्या रेषेत नैर्ऋत्येकडून वारा सुटला की त्या वाऱ्याला पाण्यावरून शेकडो किलोमीटरची धाव मिळते. नोव्हेंबरात सरोवराचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि वरून कॅनडाची थंड हवा उतरते. पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांहून जास्त फरक पडला की पाण्याची वाफ भराभर वर चढते, गोठते आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर कोसळते. त्याला तिथे 'लेक इफेक्ट स्नो' म्हणतात. हा बर्फ सगळ्यांवर सारखा पडत नाही. त्याचा पट्टा अवघा १०-३० किलोमीटर रुंद असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या लगतच्या पूर्व आणि दक्षिण उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला, काउल्सव्हिल इथे तर ८८ इंच. तेव्हा काही मैल उत्तरेला मोजपट्टीवर जेमतेम काही इंच होते.

मोजपट्टीचंही एक शास्त्र आहे. बर्फ पडता पडता स्वतःच्याच वजनाने दबत असतो. दर तासाला मोजून फळी साफ केली आणि शेवटी बेरीज केली तर आकडा फुगतो. दिवसातून एकदाच मोजला तर आटतो. म्हणून अमेरिकी हवामान खात्याचा नियम आहे की २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा मोजायचं नाही. जानेवारी १९९७ मध्ये ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला मॉन्टेग्यू या गावी २४ तासांत ७७ इंच बर्फाची नोंद झाली. देशाचा विक्रमच. पण मोजणी सहा वेळा झाल्याचं निघालं आणि तज्ज्ञ समितीने तो नाकारला. त्यामुळे कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा एप्रिल १९२१ मधला ७५.८ इंचांचा, म्हणजे १९२ सेंटिमीटरचा, जुना विक्रम कायम राहिला.

बफेलोतला बर्फ मोठा वाटत असेल तर डोंगरांकडे पाहावं. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकर इथे १९९८-९९ च्या हंगामात पडलेल्या बर्फाची बेरीज १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर झाली. जपानमधल्या इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी जमिनीवर साचलेल्या बर्फाची खोली ११.८२ मीटर भरली.

मग मुंबईकराच्या मनात एक प्रश्न येणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो बर्फ होऊन पडला असता तर? दहास एक या नियमाने ९.४४ मीटर. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला गडप, तेही एका दिवसात. सिल्व्हर लेकच्या विक्रमाच्या जवळपास पाचपट. पण असं कधी घडत नाही, कारण थंड हवेला पाणी पेलवत नाही. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत ३० ग्रॅमपर्यंत वाफ राहते, शून्य अंशाला पाचही ग्रॅम नाही आणि उणे २० ला सुमारे एक ग्रॅम. बर्फाच्या जगात कच्चा माल मुळातच कमी असतो. म्हणूनच सरोवरासारखा सतत वाफ पुरवणारा शेजारी असला तर बर्फ फुटांनी पडतो.

इथे १९७७ चं कोडं आणखी गहिरं होतं. ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांत सर्वात उथळ, सरासरी खोली फक्त १९ मीटर. त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर गोठतं. १९७६ च्या हिवाळ्यात ते १४ डिसेंबरलाच गोठलं. वाफेचा पुरवठा बंद झाला म्हणजे धोका टळला, असं कुणालाही वाटावं. घडलं उलट. दीड महिना पडत राहिलेला सुका बर्फ त्या गोठलेल्या सपाट पाण्यावर साठत गेला. वाट अडवायला झाड नाही, घर नाही, कुंपण नाही. मग २८ जानेवारीला वारा सुटला. त्याचे झोत ताशी १११ किलोमीटरपर्यंत गेले.

वाऱ्याने वाहून नेलेल्या बर्फाचं गणित अमेरिकी अभियंता रोनाल्ड टॅबलर यांनी मांडलं. महामार्गांच्या कडेला बर्फ अडवणारी कुंपणं कशी उभारावीत, हे त्यांच्या कामाचं क्षेत्र. त्यांचं सूत्र सांगतं की वाहून येणारा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या ३.८ व्या घाताने वाढतो. वारा दुप्पट झाला तर बर्फ दुप्पट येत नाही, सुमारे १४ पट येतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात एक मीटर रुंदीच्या पट्टीतून तासाला ९७ किलो बर्फ जातो. ताशी ७२ किलोमीटरला तोच आकडा १,३५० किलो. शहराची सरोवराकडची बाजू १० किलोमीटर धरली तर तासाला साडेतेरा हजार टन. म्हणजे आपल्या १० टनी ट्रकांचा हिशेब लावला तर दर पावणेतीन सेकंदांना एक भरलेला ट्रक शहरात रिकामा होत राहणार, रात्रंदिवस.

आणि गोदामात माल किती? सरोवराच्या फक्त एक दशांश भागावर १० सेंटिमीटर सुटा बर्फ होता असं मानलं, तरी तो अडीच कोटी टन होतो. याच वेगाने उपसला तर ७७ दिवस पुरेल. हा कागदावरचा अंदाज आहे, वाटेत काही बर्फ वाफ होऊन उडतोही. पण अर्थ स्पष्ट आहे. बफेलोच्या वादळात बर्फ संपला नाही, वारा थांबला.

हा उडत आलेला बर्फ ताज्या बर्फासारखा मऊ नसतो. फरफटत येताना हिमफुलांचे काटे मोडतात आणि चुरा घट्ट बसतो. ताज्या बर्फाचा घनमीटर १०० किलोचा, तर वाऱ्याने ठोकून बसवलेल्याचा ३०० ते ४०० किलोचा. रेनडिअर त्यावरून चालत गेली ती म्हणूनच. त्या हंगामाची बफेलोतली बेरीज १९९.४ इंच झाली. हा तिथला विक्रम आहे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यातले हे १२ इंच.

अमेरिकी हवामान खात्याची हिमवादळाची, म्हणजे ब्लिझार्डची, व्याख्या याच अनुभवाला धरून आहे. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, समोरचं ४०० मीटरवरचं दिसेनासं होणं, आणि हे सलग तीन तास. बर्फ किती इंच पडावा, याचा त्यात उल्लेखही नाही. आभाळातून एक कणही न पडता, जमिनीवरचाच बर्फ उडून हिमवादळ होऊ शकतं.

या व्याख्येची परीक्षा २०२२ मध्ये झाली. नोव्हेंबरात बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क इथे सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. मृत्यू बोटांवर मोजण्याइतके. पाच आठवड्यांनी, नाताळच्या तोंडावर, बफेलो विमानतळावर ५२ इंच बर्फ पडला. नोव्हेंबरच्या दोन तृतीयांश. पण या वेळी जोडीला वारा होता आणि हिमवादळाची स्थिती सलग ३७ तास टिकली. व्याख्येतल्या तीन तासांच्या बारापट. चाळीसहून अधिक माणसं दगावली. कुणी रस्त्यात, कुणी गाडीत, कुणी वीज गेलेल्या थंडगार घरात, कुणी रुग्णवाहिका न पोचल्याने. हवामान खात्याने पिढीतून एखाद्या वेळी येणारं वादळ म्हणून आधीच इशारा दिला होता. वाहनबंदी मात्र २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर बरेच लोक कामावर निघून गेले होते.

वाऱ्याचा मार शरीरावरही तसाच मोजता येतो. उणे १८ अंश आणि ताशी ७० किलोमीटर वारा असला तर अंगाला उणे ३५ अंशांसारखी थंडी लागते. उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू लागते.

नुसती खोलीही मारते, हे खरं. फेब्रुवारी १९७२ मध्ये इराणात आठवडाभर चाललेल्या वादळाने काही भागांत आठ मीटरपर्यंत बर्फ टाकला. गावंच्या गावं गाडली गेली आणि सुमारे ४,००० लोक मेले. नोंदीतलं हे सर्वात प्राणघातक हिमवादळ. पण तिथेही इतका बर्फ साचला तो वादळ आठवडाभर चाललं म्हणून. मार्च १८८८ च्या वादळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे ४०० माणसं गेली, त्यातली २०० न्यूयॉर्क शहरात. खांबांवरच्या तारा तुटल्या, रुळांवरच्या गाड्या अडकल्या. त्यानंतर तारा जमिनीखाली घालण्याला आणि भुयारी रेल्वेच्या कल्पनेला जोर आला. बॉस्टनची भुयारी रेल्वे १८९७ ला सुरू झाली, न्यूयॉर्कची १९०४ ला.

पुढच्या हिवाळ्यांचं काय? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ पेलू शकते. सरोवरं उशिरा गोठली तर वाफेचा पुरवठा जास्त दिवस चालू राहतो. त्यामुळे जग तापत असताना सरोवराकाठी एखादा हिवाळा विक्रमी बर्फाचा जाणं यात विसंगती काहीच नाही.

आज टोरोंटो, शिकागो, न्यू जर्सीत कितीतरी मराठी घरं आहेत. तिथून फोनवर 'उद्या बर्फ पडणार' असं कळलं की आपण इथून विचारतो, किती इंच? यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा : वारा किती आणि किती तास? वारा ताशी ५० किलोमीटरच्या पुढे आणि मुदत दिवसाहून मोठी असेल, तर तीन दिवसांचं अन्न, पाणी, औषधं आणि पांघरुणं घरात आहेत ना, ते पाहायला सांगा. गाडी काढूच नका म्हणावं. अडकलातच तर गाडी सोडून चालत निघू नका, इंजिन लावण्याआधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, आणि एक काच बोटभर खाली ठेवा.