एका ओळीला एक कार्ड

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयात आज प्रोग्रॅम लिहिताना स्वल्पविराम चुकला, तर संगणक क्षणात सांगतो. मेनफ्रेमच्या काळात एवढ्याशा चुकीपायी अनेकदा अख्खा दिवस वाया जाई. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. तोवर तो काळ सरला होता. त्याच्या तीस वर्षे आधी, १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा अवाढव्य संगणक बसला. बाहेरच्या संस्थांतले संशोधकही त्यावर आकडेमोड करून घेत.

प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक जाडसर कार्ड. त्यावर ८० उभे रकाने, १२ आडव्या रांगा. भोक कुठे पडले त्यावरून अक्षर ठरे. फोरट्रानची आज्ञा ७ ते ७२ या रकान्यांतच बसवायची. उरलेल्या आठ रकान्यांत शहाणी माणसे कार्डाचा अनुक्रमांक टाकत, कारण गठ्ठा हातातून निसटला की शेकडो कार्डे पुन्हा लावत बसा! गठ्ठा यंत्रचालकाकडे सोपवायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. कधी त्यावर उत्तराऐवजी नुसती चुकांची यादीच येई. त्यामुळे कार्डे देण्याआधी प्रोग्रॅम वहीत ओळीओळीने, स्वतःच संगणक होऊन, चालवून पाहायचा आणि मगच रांगेत उभे राहायचे.