पहिला गेमिंग पीसी जोडताय? पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

बारावीची परीक्षा संपते, ईदीचे पैसे साठलेले असतात, अब्बांनी थोडी भर घालायचं कबूल केलेलं असतं, आणि घरात गेमिंग पीसीचा विषय निघतो. कुपवाडमध्ये बऱ्याच घरांची चूल एमआयडीसीतल्या पगारावर पेटते. तिथे साठ-सत्तर हजार ही लहान रक्कम नाही. त्यामुळे कोणता पार्ट काय करतो आणि फसायला कुठे होतं, हे मुलालाही कळलं पाहिजे आणि पैसे देणाऱ्यालाही.

सुरुवात फसण्यापासूनच करू. ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत लायटिंग, फक्त पंधरा-वीस हजारात’ अशा जाहिराती मोबाइलवर सारख्या दिसतात. यात खोटं काही लिहिलेलं नसतं, गोम तिथेच आहे. आय७ हे नुसतं घराण्याचं नाव. बुलेट घेतली म्हटल्यावर गाडी १९९८ ची की परवाची हे कळत नाही, तसंच. आय७-२६०० हा प्रोसेसर २०११ चा, आय७-३७७० हा २०१२ चा. आजचा नव्हे, २०२२ मधला साधा आय३-१२१००एफसुद्धा गेममध्ये या दोघांना सहज मागे टाकतो. आणि ते ‘४ जीबी कार्ड’ बहुतेक वेळा जीटी ७३० निघतं. २०१४ सालचं, पडद्यावर चित्र दाखवण्यापुरतं कार्ड. जीबीचा आकडा मोठा असला म्हणून कार्ड वेगवान होत नाही.

अशा मशीनचा दुसरा घोटाळा असा, की विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणून जाहिरात बघताना आय७ शब्दाकडे बघू नका, त्यापुढचा पूर्ण नंबर मागा. नंबर सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठा.

आता नवीन पीसी. दुकानात जाण्याआधी दोन प्रश्न घरीच सोडवा: गेम कोणते, आणि स्क्रीन कोणती? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेमना फार भारी कार्ड लागत नाही, तिथे फ्रेम जास्त मिळाव्या लागतात. नवीन मोठ्या कथेवाल्या गेमना मात्र कार्डच लागतं. पहिल्या पीसीसाठी २४ इंची, १०८०पी, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर पुरे. ४के च्या नादी लागलात, तर तो पडदा चालवायलाच दुप्पट पैशाचं कार्ड घ्यावं लागेल.

(घरातल्या मोठ्यांसाठी एक खुलासा. गेम खेळणं आणि पैसे लावून खेळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. मुलगा व्हॅलोरंट खेळतो म्हणजे जुगार खेळतो असं होत नाही.)

सगळ्यात जास्त पैसे जातील ग्राफिक्स कार्डात, आणि जावेतही. मॉनिटर सोडून बाकी खर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के भाग कार्डाला ठेवावा, असं आमचं मत आहे. १०८०पी साठी ८ जीबीची कार्डं, म्हणजे आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, ही कामाची आहेत. आरटीएक्स ३०५० घेत असाल तर नीट बघा. ते ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत येतं, आणि ६ जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, चिपही कमी ताकदीची आहे. घरात कुणी डिप्लोमाला असेल, ब्लेंडर किंवा थ्रीडी डिझाइनचं काम शिकत असेल, तर एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं पडतं.

जुनं कार्ड घ्यावं का? घेता येतं, पण डोळे उघडे ठेवून. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० च्या नावाखाली ‘२०४८एसपी’ ही कमी ताकदीची आवृत्तीही विकली जाते. अर्धा तास गेम किंवा फरमार्क चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज तपासू देणाऱ्याकडूनच घ्या.

प्रोसेसरवर फार डोकं खाऊ नका. सहा कोरचा रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ अशा कार्डांना व्यवस्थित पुरतो. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. म्हणजे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. रायझन ५६०० चंही तेच. खरा निर्णय मदरबोर्डचा आहे. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं. स्वस्त, पण आता शेवटाला आलेलं. एएम५ हे २०२२ चं, आणि त्याला २०२७ पर्यंत तरी साथ देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ घ्या. एकदा जोडला की पाच वर्षं हात लावणार नाही, असं असेल तर एएम४ मध्ये पैसे वाचतात.

मात्र एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि रॅमचं सध्या वेगळंच चाललंय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भराभर चढले. म्हणून वर्षभरापूर्वीच्या व्हिडिओतली यादी घेऊन दुकानात गेलात, तर बेरीज चुकणार. १६ जीबी घ्या, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एका पट्टीवर रॅमचा अर्धाच रस्ता वापरला जातो. एसएसडी एनव्हीएमई असावी, ५०० जीबीची असली तरी चालेल. पण एकट्या जीटीए ५ ला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते, हे लक्षात असू द्या.

आता पॉवर सप्लाय. यादीत शेवटी लिहिला जातो, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या ‘४५० वॉट’च्या डब्यावर पंचवीस हजारांचं कार्ड लावणं म्हणजे एमआयडीसीतल्या सीएनसी मशीनला घरगुती एक्स्टेंशन बोर्डवरून वीज देण्यासारखं आहे. स्टिकरवर ४५० लिहिलेलं असतं, पण तेवढी ताकद सलग देण्याची खात्री कुणीच देत नाही. वीज खाली-वर झाली आणि तो डबा जळाला, तर जाताना कार्ड आणि बोर्डही घेऊन जातो. वर सांगितलेल्या कार्डांना ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’चा, नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय पुरतो. चांगला सप्लाय पुढच्या पीसीतही वापरता येतो, मग दोन हजार वाचवायला जागा दुसरी शोधा.

अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो, पण तिसरी वायर आत कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पीसी खराब आहे असं समजू नका, आधी वायरमनला बोलवा. यूपीएस घ्यायचा तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना असा पीसी मॉनिटरसकट तीनशे वॉटच्या आसपास खेचतो. त्यामुळे तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता धरा, खेळत राहण्यासाठी नाही.

वीजबिलाचा हिशेबही सोपा आहे. ३०० वॉट, रोज चार तास, महिनाभर म्हणजे ३६ युनिट. घराचं बिल नव्वद युनिटचं असेल तर ते १२६ वर जाईल, आणि महावितरणचा शंभरच्या वरच्या युनिटचा दर बराच जास्त असतो. हे अब्बांना पहिल्या बिलानंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

कॅबिनेट घेताना पुढे काच नको, जाळी हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, वर पत्र्याचं छप्पर असेल तर खोलीचं विचारूच नका. काचेच्या बंद डब्यात कार्ड तापतं आणि वेग आपोआप कमी करतं. जाळीतून धूळ येते, कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांकडे जरा जास्तच. म्हणून काढून धुता येईल असं फिल्टर बघा आणि पीसी जमिनीवर ठेवू नका. लायटिंगचे पंखे हौसेचे. पैसे उरले तर लावा.

पैसे कसे उभे करायचे हा प्रश्न पार्टांइतकाच मोठा आहे. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ सुचवतात, आणि व्याज टाळणाऱ्या घरांना ते चालतं असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकानदार किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून दाखवते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपण भरतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. असा करार घ्यावा की नाही हे आपल्या आलिमांना विचारा. कागदावर काय लिहिलेलं असतं, एवढंच आम्ही सांगतोय.

जोडलेल्या पीसीला एक सोय आहे जी लॅपटॉपला नाही: तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. आधी रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारखा स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, चांगला बोर्ड, चांगला सप्लाय आणि मॉनिटर. त्यावर व्हॅलोरंट चालतं, अभ्यास चालतो, बहिणीचं टॅलीही चालतं. मग घरातली लिलाव नसलेली साधी भिशी लागली, की कार्ड. ५६००जी पुढे कार्ड लावल्यावर ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो, हे खरं आहे. पण हप्त्याशिवाय काम होतं.

खरेदीआधी सांगली-मिरजेतल्या दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, ऑनलाइन भाव बाजूला लिहा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबईला जाऊन ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणणारेही आहेत. एक-दोन पार्टांसाठी ते परवडत नाही, आणि पार्ट बिघडला तर परत तिथेच जावं लागू शकतं. स्थानिक दुकान हजार-पाचशे जास्त घेत असेल आणि वॉरंटीचा पार्ट स्वतः पाठवत असेल, तर ते पैसे वाया गेले असं म्हणू नका. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. वॉरंटी मागताना बिलाचीच गरज पडते. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, खोक्यांचे फोटो काढा, ऑनलाइन आलेलं पार्सल व्हिडिओ चालू ठेवूनच उघडा.

जोडून झाल्यावर दोन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नाही, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टमध्ये लागली आहे ना? आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच राहिलेला नाही ना? तो हाताने १४४ करावा लागतो.