हातभर नळीचे गैरसमज

मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला थांबली, की होडीवाला प्लास्टिकची बादली पुढे सरकवतो. बादलीत मास्क आणि त्यांना अडकवलेल्या नळ्या. माझ्या वाट्याला आलेल्या नळीचं दातात धरायचं रबर कुणीतरी डाव्या बाजूने चावून तोडलेलं होतं. "तोंडान श्वास घेवचो, नाकान नाय," एवढा एकच धडा मिळाला आणि आम्ही पाण्यात. खाली प्रवाळांवर चट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. मी मात्र अर्धा वेळ जबडा आवळून ती नळी सांभाळत होतो.

स्वतःची नळी घ्यायची असं तिथंच ठरलं. घेताना लक्षात आलं की माशांपेक्षा या नळीबद्दलच जास्त दंतकथा आहेत.

पहिली दंतकथा सिनेमातली. नायक तळ्यात बुडी मारून बसतो, बोरूच्या पोकळ काडीतून श्वास घेतो आणि काठावरचे शिपाई निघून जातात. त्यावरून वाटतं, नळी जितकी लांब तितकं खोल जाता येईल. अडचण हवेची नसते, पाण्याच्या वजनाची असते. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम जादा भार येतो. छातीचा समोरचा भाग 30 बाय 30 सेंटिमीटर धरला, तरी तो भार 90 किलो होतो. टाकीतली हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबानेच मिळते, म्हणून स्कूबावाल्याला हे ओझं जाणवत नाही. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाची असते. एका मोठ्या माणसाला छातीवर बसवून बरगड्या फुगवून बघा! जोर लावून कुणी श्वास ओढलाच, तर फुप्फुसात रक्त आणि पाणी खेचलं जाण्याचा धोका असतो. तो नायक जिवंत राहिला असेल, तर पाण्याखाली जेमतेम वीतभर आडवा पडला असेल.

आडवा पडणं महत्त्वाचं. नवशिके घाबरले की पाण्यात उभे राहतात. मग छाती आणखी खाली जाते, श्वास जड होतो आणि दोष नळीवर येतो. पोटावर सपाट तरंगलं की तीच नळी हलकी वाटायला लागते.

दुसरा समज याहून पक्का आहे: जाड नळी घ्या, भरपूर हवा येते. थोडं गणित करू. आरामात बसलेला माणूस एका श्वासात साधारण 500 मिलीलिटर हवा आत घेतो. त्यातली 150 मिलीलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. आता तोंडाला 38 सेंटिमीटर लांब आणि आतून 2 सेंटिमीटर रुंद नळी लावली. तिच्यात सुमारे 120 मिलीलिटर हवा मावते, आणि ती आपणच आत्ता सोडलेली, शिळी. पुढच्या श्वासात सगळ्यात आधी तीच परत आत येते. उरली 230 मिलीलिटर ताजी हवा. नळी अडीच सेंटिमीटर रुंद केली, तर शिळ्या हवेचा वाटा 120 वरून 187 मिलीलिटरवर जातो. उलट नळी फार अरुंद केली, तर श्वास ओढायलाच कष्ट पडतात. म्हणून चांगल्या नळ्या 2 सेंटिमीटरच्या आसपासच असतात. युरोपीय मानकातही प्रौढांच्या नळीला 38 सेंटिमीटर लांबी आणि 230 मिलीलिटर आतली जागा अशी मर्यादा आहे. मुलांसाठी आखूड नळी वेगळी मिळते, तीच घ्यावी. बाबांची नळी मुलाला देणं ही काटकसर नव्हे.

खरी गंमत श्वासाच्या लयीत आहे. मिनिटाला 20 उथळ श्वास घेतले, तर या नळीतून 4.6 लिटर ताजी हवा मिळते. तेवढीच एकूण हवा 10 सावकाश, लिटरभर श्वासांत घेतली, तर 7.3 लिटर. नळी तीच, समुद्र तोच. दुकानात या फरकाची किंमत कुठल्याच चिठ्ठीवर नसते.

सिडनीला असलेल्या माझ्या भाच्याला नुकताच स्पिअरफिशिंगचा नाद लागला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये त्यासाठी मासेमारीचा परवाना काढावा लागतो, आणि टाकी लावून मासा भाल्याने मारता येत नाही, दम धरूनच खाली जावं लागतं. (इथं वाचून कुणाला मालवणात भाला घेऊन उतरायची हुक्की आली, तर सांगतो, किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. आणि घोडामासा, समुद्रकाकडी, प्रवाळ यांना देशभर कुठेही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.) तर भाच्याचा फोन आला, "मामा, ड्राय स्नॉर्कल घेऊ का? पाणी आतच येत नाही म्हणतात."

ड्राय स्नॉर्कलच्या शेंड्याला तरंगता गोळा किंवा झडप असते. शेंडा बुडाला की ती तोंड बंद करते. पाणी येत नाही हे बऱ्यापैकी खरं. पण त्याबरोबर हवाही येत नाही, हे लोक विसरतात. लाटांच्या पाण्यात अर्ध्या श्वासात झडप बसली की छाती रिकामीच हिसका खाते, आणि नवशिक्याची पाचावर धारण बसते. वाळूचा कण किंवा मिठाचा थर बसला, तर झडप अडकते. बुडी मारताना त्या डोक्यामुळे पाणी अडतं, आणि आत कोंडलेली हवा वर ओढते. शांत पाण्यात, डोकं खाली न घालता नुसतं तरंगायचं असेल, तर ही नळी घ्यायला हरकत नाही. मधला पर्याय म्हणजे शेंड्याला नुसती शिंतोडे अडवणारी टोपी. मला तो बरा वाटतो. भाच्याला मात्र दोन्ही नको म्हणालो.

बुडी मारणाऱ्याला लागते इंग्रजी 'जे'सारखी वळलेली साधी नळी. झडप नाही, पन्हळी होज नाही. पन्हळी भागाच्या वळ्यांत पाणी साचून गुडगुड वाजतं, आणि मासा जवळ येण्याची वाट बघणाऱ्याला तो आवाज परवडत नाही. तळाशी पाणी बाहेर टाकणारी झडप असली की फुंकर कमी लागते, हे कबूल. पण ती गळायला लागली की सगळा खेळ बिघडतो. ती नसली, तर पाणी फुंकून काढायचं. 'त्तू' अशी एकच जोरदार फुंकर लागते. मग पहिला श्वास हळू आणि जीभ टाळूला टेकवून घ्यायचा, म्हणजे मागे राहिलेला घोट घशात उतरत नाही. हे पोहण्याच्या तलावात अर्ध्या तासात जमतं.

सगळ्यात घातक समज असा, की बुडीत नळी तोंडातच ठेवायची. वर आलं की लगेच श्वास घेता येतो ना! पण दम धरून जाणारे लोक खाली वळण्याआधी नळी तोंडातून सोडून देतात. कारण वर येताना, बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या अगदी जवळ, शुद्ध हरपू शकते. अशा वेळी नळी तोंडात असेल, तर ओठ उघडे राहतात आणि पाण्याला सरळ वाट मिळते. बुडीआधी भराभर श्वास घेऊन 'हवा साठवायची' सवयही याच कुळातली. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घ्यायची ओढ त्याच्यामुळे लागते, म्हणून इशारा न मिळताच माणूस बेशुद्ध होतो. एकाने खाली जायचं, दुसऱ्याने वर राहून बघायचं. याला पर्याय असलेली नळी अजून कुणी बनवलेली नाही.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क 2014 नंतर पसरले. 2020 मध्ये इटलीत कोविडच्या रुग्णांसाठी त्यांना ऑक्सिजनच्या नळ्या जोडल्या होत्या, ते फोटो आठवत असतील. नाकाने श्वास घेता येतो, म्हणून ते सोपे वाटतात. पण बुडी मारताना कान मोकळे करायला नाक चिमटीत धरावं लागतं, आणि बहुतेक मास्कांमध्ये ते जमत नाही. पाणी शिरलं, तर तोंडातली नळी थुंकता येते, हा मास्क पट्ट्यांसकट ओढून काढावा लागतो. हवाईत स्नॉर्कलिंग करताना होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांनी श्वास ओढताना होणाऱ्या अडथळ्यावर बोट ठेवलं. हाच मास्क दोषी असं काही सिद्ध झालेलं नाही. पण कुठलं उपकरण किती अडथळा करतं, हे नुसतं बघून कळत नाही, हेही त्यातून पुढे आलं.

बाकी किरकोळ. नळी डाव्या बाजूला लावतात, कारण स्कूबाचा रेग्युलेटर उजवीकडून येतो. सिलिकॉन पिवळं पडलं म्हणून वाया जात नाही. परीक्षा घ्यायची ती दातात धरायच्या रबराची. दुकानात मास्क लावून नळी दहा मिनिटं तोंडात धरून उभं राहा, लोक बघतील, बघू देत. जबडा दुखला किंवा नळी ओठ एका बाजूला ओढत असली, तर ती तुमची नव्हे. मग शेंड्यावर तळहात दाबून हवा ओढून बघा. जीभ खेचली जाऊन हवा अडली पाहिजे. कुठून तरी फुसफुस आली, तर ती नळी परत ठेवा.

भाच्याने शेवटी काळी, साधी नळी घेतली. मासा बिचकू नये म्हणून काळी, म्हणाला. मी त्याला शेंड्यावर चार बोटं नारिंगी टेप गुंडाळायला लावली, आणि बरोबर बोया आणि झेंडा. पाण्याखालचा मासा वर बघेल न बघेल, वरून स्पीडबोट हाकणाऱ्याला भाचा दिसला पाहिजे.