ठासणीच्या बंदुकीचा नेम कसा जुळवतात?

जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक. कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर अशा बंदुका अजून काही घरांत आहेत. आपल्या कन्नड विभागातले मित्र तिला ‘कोवी’ म्हणतील. कोडगू जिल्ह्यात तर सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्द सणाला कोवीची पूजा होते आणि उंच टांगलेल्या नारळावर नेम धरला जातो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. माझा बंदुकीशी संबंध एन.सी.सी.पुरता. एका शिबिरात आमच्या एका कॅडेटच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या. पण मध्यापासून चार बोटे डावीकडे आणि खाली. ‘तुझा नेम नाही’ म्हणून त्याला निवडीतून वगळण्यात आले. सुट्टीत इंदूरला मामांकडे गेलो तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगितली. मामा महूच्या छावणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अरे, तो पोरगा उत्तम मारतो. रायफल जुळवलेली नव्हती. तुला हे समजायचं असेल तर ठासणीच्या बंदुकीवरून समज. तिच्यात सगळं हातानं करावं लागतं, म्हणून सगळं डोळ्यांना दिसतं.”

चूक दोन प्रकारची असते. रोजमेळात दररोज वेगवेगळी रक्कम चुकत असेल तर कारकून बेशिस्त. दररोज नेमकी तेवढीच चुकत असेल तर कारकून चोख असून आरंभीची शिल्लकच चुकीची लिहिलेली असते. गोळ्या विखुरल्या तर दोष मारणाऱ्याचा किंवा भरणीचा. एकाच जागी पण बाजूला लागल्या तर दोष माशीचा. (नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला माशी म्हणतात, डोळ्याजवळच्या खाचेतून ती पाहायची.) म्हणून एका गोळीवरून माशी कधी हलवू नये. आधी पाच गोळ्यांचा पुंजका पाडावा, मगच त्याचा मध्य कोठे आहे ते पाहावे.

हा पुंजका पाडणे हेच ठासणीच्या बंदुकीत खरे काम. दारू दर वेळी मापानेच घ्यायची, आणि तीही मापातून नळीत. दारूच्या डब्यातून थेट कधीच नाही, कारण नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर डबाच हातात फुटेल. गोळी, तिच्याभोवतीचे तेल लावलेले कापड, ठासण्याचा जोर, सगळे दर वेळी तेच. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. यासाठी गजावर एक खूण करून ठेवतात. खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर बसली. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, म्हणून प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी फिरवायची. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही काजळी दगडासारखी होते, असे मामा सांगतात. कोकणच्या पावसात उलट दारूच ओल धरते. मराठीत ‘नेम’ म्हणजे लक्ष्य साधणे आणि ‘नेम’ म्हणजे नियमितपणाही. इथे दोन्ही अर्थ एकच झालेले मला दिसले.

आता माशी. गोळी डावीकडे लागत असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवायची, म्हणजे जिकडे गोळी न्यायची तिकडे. पुढची माशी मात्र उलट, डावीकडेच. किती सरकवायची, ते त्रैराशिकाने निघते. समजा ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर डावीकडे जाते आणि खाच व माशी यांत ७५ सेंटिमीटर अंतर आहे. तर १० गुणिले ७५ भागिले ५०००, म्हणजे ०.१५ सेंटिमीटर. अवघा दीड मिलिमीटर! उंचीचे काम त्याहून नाजूक. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने घासून बुटकी करतात. म्हणून कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतो. घासलेले लोखंड परत लावता येत नाही.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध बंदूक म्हणजे १८५३ ची एन्फिल्ड रायफल. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, आणि त्याची झळ १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीला लागली. तिच्या नळीत तीन पीळदार खाचा होत्या. ठासताना सैल जाणारी तिची लांबट गोळी दारू पेटताच बुडाशी फुगून त्या खाचा पकडी आणि फिरकी घेत जाई. मागच्या खाचेला शिडीसारखी वर-खाली होणारी पट्टी होती, कारण एका अंतरावर जुळवलेली बंदूक दुसऱ्या अंतरावर जुळलेली नसते. गोळी सतत खाली पडतच असते.

म्हणून मामांच्या जुन्या वहीत प्रत्येक पुंजक्यापुढे अंतर, दारूचे माप, हवा आणि तारीख लिहिलेली आहे. ती वही मी आमच्या त्या कॅडेटला दाखवली. पुढच्या वेळी पाच गोळ्यांचा कागद तो जपून ठेवणार आहे, आणि रायफल बदलून पुन्हा पाच मारू द्या, अशी विनंती करणार आहे.