परमुलखातले उत्तरायुष्य

तारुण्यात घरदार सोडून परक्या मुलखात धर्मसेवेसाठी जाणाऱ्या मनुष्याच्या साहसाचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या वयात माणसाने आपल्या ओसरीवर विसावा घ्यावा, त्या वयात पतीपत्नीने सामानसुमान बांधून पुन्हा समुद्र ओलांडावा, नव्या भाषेपुढे विद्यार्थ्यासारखे बसावे आणि जेथे आपले एकही आप्त नाही तेथे उरलेले आयुष्य वेचण्याचा संकल्प करावा, यास लागणारे धैर्य निराळ्या जातीचे असते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या मिशनकार्याचा इतिहास चाळताना या धैर्याची दोन रूपे मला प्रकर्षाने दिसतात. एक रूप स्कॉटलंडच्या मरे मिचेल दांपत्याचे, तर दुसरे जालन्याच्या भूमीत रुजलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे.

जॉन मरे मिचेल यांचा जन्म १८१५ सालचा. १८३८ मध्ये ते मुंबईस आले, डॉ. जॉन विल्सन व रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात अध्यापन करू लागले आणि १८४२ मध्ये मराया फ्लायटर यांच्याशी विवाहबद्ध झाले. मराठी भाषेचा त्यांनी इतक्या आस्थेने अभ्यास केला की आमच्या संतकवींविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. १८६३ मध्ये हे दांपत्य मायदेशी परतले, आणि मिचेलसाहेबांनी ब्रॉटी फेरी येथील मंडळीचे पाळकपद स्वीकारले. इतके झाल्यावर कोणीही त्यांस अधिक काही मागितले नसते. तथापि १८६७ मध्ये, पतीने पन्नाशी ओलांडलेली असताना, दोघेही पुन्हा हिंदुस्थानात आले, आणि तेही परिचित दख्खनेत नव्हे, तर बंगाल्यात, जेथे मराठीवर कष्टाने मिळविलेले प्रभुत्व अपुरे पडणार हे उघड होते. मरायाबाईंच्या पत्रांतून व रोजनिशीतून सिद्ध झालेले ‘इन इंडिया’ हे पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. मिशनऱ्याची पत्नी ही केवळ त्याची गृहिणी नसून स्वतंत्र नजरेची साक्षीदार व सहकारी असते, याचे प्रमाण म्हणून त्या लेखनाकडे पाहावे.

मिचेल मुंबईस होते त्याच काळात, १८४३ साली, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने नेस्बिट यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेल्यावर प्रकरण अदालतीत पोहोचले. न्यायाधीश पेरी यांनी मुलास पित्याच्या स्वाधीन केले, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन पुन्हा ज्ञातीत घ्यावे या मताचे बाळशास्त्री जांभेकर यांना सनातन्यांचा मोठा रोष सोसावा लागला. एका घराचे दोन भाग झाले. धर्मांतराच्या इतिहासात हे दुःख ज्यांनी भोगले, त्या आईबापांचे स्मरण न ठेवता मिशनऱ्यांच्या त्यागाचे गुणगान करणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे पाळकपदाची दीक्षा मिळाल्यावर, १८६०च्या दशकात, नारायणराव जालन्यास आले. निजामाच्या राज्यातला हा भाग मुंबईकरास परमुलूखच होता. सरहद्द ओलांडली की कंपनीचा किंवा राणीचा रुपया मागे पडून हाली शिक्का चाले, दफ्तरांत फारशी, अर्ज-फर्याद करायची ती हैदराबादच्या दिवाणाकडे. आणि निजामाच्या रेल्वेचा फाटा येथपर्यंत येण्यास शतक सरावे लागले, तोपर्यंत प्रवाशाने नांदगावास आगगाडी सोडून बैलगाडीने औरंगाबादमार्गे यावे. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असा लौकिक असलेल्या या व्यापारी कसब्याशेजारी फौजेची छावणी होती. शहरात सराफ व अडते यांची वर्दळ होती. गावकुसाबाहेर मात्र मांग समाजाची वस्ती, जिला पाणी, जमीन आणि मान या तिन्ही गोष्टी दुर्लभ होत्या. नारायणरावांचे कार्य मुख्यतः याच वस्तीत रुजले.

उपदेश ऐकणाऱ्याचा धंदा गेला, गावकी तुटली, तर नुसत्या उपदेशाने त्याचा संसार चालत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून मुलखाचे जिल्हे पाडून कारभाराची नवी व्यवस्था बसविणारे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली व बेथेल हे गाव वसविले, जेथे उपासनामंदिर, शाळा आणि शेती ही एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. मुसलमान राज्याच्या शिया दिवाणाने ब्राह्मणकुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकास मांग कुटुंबांच्या वसाहतीसाठी भूमी द्यावी, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावी असे मला मनापासून वाटते. या कार्यास साहाय्य मिळविण्यासाठी नारायणराव उत्तरवयातही परदेशांत फिरले. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी हिंदुस्थानच्या मिशनची हकीकत सांगितली.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. परमुलखात स्थिर होणे म्हणजे बंगला, नोकरचाकर आणि ओळखीचे अन्न मिळविणे नव्हे. तेथील भाषेत विचार करता येणे, तेथील अंमलदाराशी व्यवहार करता येणे, आणि जेथे गेलो तेथील दुबळ्यातील दुबळ्याच्या दुष्काळाचा ताप आपल्या घरात जाणवणे, म्हणजे स्थिरावणे. उत्तरवयात येणाऱ्या दांपत्याजवळ तारुण्याचा वेग नसतो. परंतु ऐकून घेण्याची सवय आणि घाईने निकाल न देण्याची बुद्धी असते. जालन्यात पुढे मिशन हॉस्पिटल उभे राहिले; स्कॉटलंडच्या मंडळीचे वंशज १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीत समाविष्ट झाले, आणि कार्याची सूत्रे येथील माणसांच्या हाती आली. बाहेरून आलेल्या सेवकाच्या कार्याचे मूल्य मी याच कसोटीवर मापतो: त्याच्यामागे ते काम मराठी बोलणाऱ्या माणसांनी आपले म्हणून चालविले की नाही. जालन्याने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आहे.