विसाव्या रांगेसाठी रंगवलेली भिंत

हौशी नाटकातला वाडा मांजरपाटाचा असतो. लाकडी चौकटीवर कापड ताणून ठोकायचं, त्यावर पातळ सरसाचा हात द्यायचा. वाळताना कापड आक्रसतं, ताठ होतं आणि रंग पीत नाही. हा झाला फ्लॅट. मागचा तिरपा टेकू ढिला राहिला, तर नायकाने दार आपटताच वाड्याला कापरं भरतं आणि शोकांतिकेत हशा पिकतो.

आपल्याकडे नेपथ्य रंगवण्याची कला आली ती पडद्यांवरून. राजवाडा, जंगल, रस्ता असे ठरलेले पडदे असत आणि नाटक कुठलंही असो, त्यांतलेच सोडले जात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी असे पडदे रंगवले. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीच्या नेपथ्यात पु. श्री. काळे यांनी नाव मिळवलं. गोव्यात देवळाच्या उत्सवी नाटकांना रंगवलेला पडदा अजून परका नाही. शहरी समीक्षक त्याला जुनाट म्हणतात. मला मात्र अर्धवट बांधलेल्या दिवाणखान्यापेक्षा तो प्रामाणिक वाटतो.

हौशी संस्थेत रंगवणारा बहुधा बँकेतला किंवा शाळेतला चित्रकलेचा हात असलेला माणूस. जागा म्हणजे सुट्टीनंतरचं शाळेचं सभागृह, वेळ रात्रीची. फ्लॅट जमिनीवर आडवे टाकतात, खडू लावलेली सुतळी ताणून टणकन सोडतात आणि सरळ रेघ उमटवतात. कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करतात. ब्रश लांब काठीला बांधला की कमरेला आराम आणि हाताला मोकळेपणा, दोन्ही मिळतं.

खरी गोम अंतराची आहे. विसाव्या रांगेतून नाजूक काम दिसतच नाही. पट्टी उठावाची भासवायची तर वर उजळ रेघ, खाली गडद. प्रकाश कुठून येतो ते मात्र सगळ्या फ्लॅटवर एकच हवं. एकसारखा सपाट रंग दिव्याखाली मेलेला दिसतो, म्हणून दोन-तीन छटांचे शिंतोडे उडवायचे. जुनी भिंत स्पंजाने, लाकडाच्या रेषा जवळजवळ कोरड्या ब्रशने. चकाकणारा ऑइलपेंट टाळायचा, कारण तो प्रकाश परत फेकतो. साधा डिस्टेंपर बरा, पण ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. नवखा हमखास फसतो तो इथे. दुसरा सापळा प्रकाशयोजनेचा: निळ्या दिव्यात लाल विटा काळवंडतात. म्हणून रंगाचा तुकडा त्याच दिव्याखाली आधी पाहून घ्यावा. पण हौशी मंडळींना दिवे मिळतात ते प्रयोगाच्या दिवशी.

राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस असतं. ते घ्यायला मंचावर जातो तो नेपथ्यकार. ब्रश चालवणारे तोवर फ्लॅट टेंपोत चढवत असतात. पुढच्या नाटकासाठी त्याच फ्लॅटवर नवा हात बसतो. असे थर जाड होऊन पोपडे सुटू लागले की कापड उतरवतात, चौकट ठेवतात आणि मांजरपाट आणायला कुणाला तरी बाजारात पिटाळतात.