मानेचे मणके, डोकेदुखी आणि कायरोप्रॅक्टिक

मणक्यांच्या सांध्यांवर हातांनी नियंत्रित दाब वा झटका देणारी कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. वारंवार उद्‌भवणाऱ्या डोकेदुखीवर ती गुणकारी आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कारण डोकेदुखी ही एकच व्याधी नव्हे.

मानेतील वरच्या तीन मज्जातंतूंच्या वेदना आणि चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूच्या वेदना पृष्ठरज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच पेशीसमूहास येऊन मिळतात. त्यामुळे मूळ दोष मानेच्या सांध्यात असूनही दुखणे कपाळात जाणवते. या प्रकारास १९८३ साली नॉर्वेतील संशोधकांनी ‘ग्रीवाजन्य’ असे निराळे नाव दिले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ग्रीवाजन्य डोकेदुखीचे २५६ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांना १८ वेळा हस्तोपचार मिळाले, त्यांचे चार आठवड्यांतील दुखण्याचे दिवस सुमारे १६ वरून ८ वर आले. केवळ हलके मर्दन मिळालेल्यांत ही घट कमी होती. उलट, २०१७ सालच्या नॉर्वेतील प्रयोगात अर्धशिशीच्या १०४ रुग्णांपैकी खरा उपचार व लुटुपुटूचा उपचार मिळालेल्या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला.

मानेतील धमनीचे अस्तर फाटल्यासही प्रारंभी मान व डोकेच दुखते. अशा वेळी मानेस दिलेला झटका घातक ठरू शकतो. म्हणून हस्तोपचारापूर्वी निदान निश्चित होणे अत्यावश्यक ठरते.